घर नंतर शोधा, आधी दुखण्याखुपण्याचं बोला

बाई, नमस्कार.

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तीन दशकांहून जास्त काळ तुम्ही शाळेत शिकवलंत. बदल्या झाल्या, घरं बदलली. मुलाला एकटीनं वाढवलंत आणि पुढे आईचं शेवटचं दुखणंही एकटीनंच काढलंत. आता मुलगा परदेशात आहे. नातं चांगलं आहे, पण त्याच्या संसारात कायमचं जाऊन राहायचं नाही. निवृत्तिवेतन आहे, दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, वय ६७ आणि तब्येत धडधाकट. शाळेतल्या सात-आठ मैत्रिणींनी मिळून एक मोठं घर घ्यावं, प्रत्येकीला एक खोली, स्वयंपाक एकत्र, तळमजल्यावर मुलांसाठी वाचनालय, असं तुमच्या मनात आहे. वृद्धाश्रम नको, कारण तिथे आपला दिवस दुसरं कुणीतरी ठरवतं. हे जमेल का आणि सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न.

जमेल. ज्येष्ठांची सामायिक घरं उभी करू पाहणाऱ्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे आणि उत्तम चाललेली घरं जवळून पाहिली आहेत. पण तुम्ही घराच्या रचनेबद्दल भरभरून लिहिलंय आणि आजारपणाबद्दल एकच वाक्य: ‘एकमेकींना सांभाळू.’ माझं बरंचसं उत्तर या एका वाक्याबद्दल आहे. अशी घरं रोजच्या भांडणांनी कमी मोडतात. या वाक्याचा अर्थ प्रत्येकीनं मनात वेगवेगळा धरलेला असतो, त्यानं जास्त मोडतात.

लंडनच्या उत्तर भागात हाय बार्नेट इथे ‘न्यू ग्राउंड’ नावाची वसाहत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी ती स्वतःसाठी उभी केली. १९९८ मध्ये मारिया ब्रेंटन या अभ्यासक बाईंनी नेदरलँड्समधल्या ज्येष्ठांच्या सामायिक घरांची माहिती लंडनमध्ये दिली, ती ऐकून काही जणी एकत्र आल्या. जागा, पैसा आणि परवानग्या यांत वर्षांमागून वर्षं गेली. प्रत्यक्ष राहायला जाता आलं ते २०१६ च्या अखेरीला. एकूण २५ सदनिका आहेत, त्यांतल्या १७ राहणाऱ्यांच्या मालकीच्या आणि ८ कमी उत्पन्न असलेल्यांसाठी भाड्याच्या. या बायकांनी एक रेषा स्पष्ट आखलेली आहे: आम्ही एकमेकींकडे लक्ष देऊ, एकमेकींची शुश्रूषा करणार नाही.

पहिल्यांदा ऐकताना हे कोरडं वाटतं. मला ते अतिशय माणुसकीचं वाटतं. ८० वर्षांच्या बाईला अंथरुणातून उचलणं ७८ वर्षांच्या बाईला झेपत नाही, मग प्रेम कितीही असो. ते करायला गेली तर काही महिन्यांत दोघी आजारी पडतात. आणि ‘आम्ही करू’ म्हणून जिथे सगळ्यांनी शब्द दिलेला असतो, तिथे तो भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्या बाईला आधीचा अनुभव आहे, जी नाही म्हणत नाही, तिच्यावर तो येतो. तुमच्या गटात ती बाई तुम्ही असाल. आईचं सगळं तुम्ही केलंत हे मैत्रिणींना ठाऊक आहे. पहिली हाक तुम्हालाच येईल आणि तुम्ही उठाल. म्हणून ही रेषा सगळ्यांत जास्त तुमच्यासाठी गरजेची आहे.

नव्या गटाबरोबर बसले की मी प्रत्येकीला कोरा कागद देते आणि एक प्रसंग सांगते. रात्रीचे दोन वाजलेत. तुमच्या शेजारच्या खोलीतली बाई न्हाणीघरात पडली आहे. शुद्धीवर आहे, पण उठता येत नाही. पुढचे दोन महिने काय काय होईल ते लिहा, एकमेकींना न विचारता. एका गटात असे कागद आम्ही लगेच वाचून दाखवले. एकीनं लिहिलं होतं, रुग्णवाहिका बोलवू, तिच्या मुलीला कळवू, पुढचं मुलगी बघेल. दुसरीनं लिहिलं, आम्ही पाळीपाळीनं रात्री जागू. तिसरीनं लिहिलं, तिनं बरं होईपर्यंत नातेवाइकांकडे जावं, मग परत यावं. चौथीचा कागद बराच वेळ कोराच होता. तिनं एवढंच विचारलं, ‘आणि ती पूर्ण बरी झालीच नाही तर तिला परत येऊ द्याल ना?’ एकमेकींना अनेक वर्षं ओळखणाऱ्या बायका होत्या त्या. हा प्रश्न त्यांच्यात आधी कधी निघाला नव्हता.

त्यानंतरचं बोलणं मात्र फार कामाचं झालं. प्रत्येकीची जादा किल्ली कुणाकडे राहणार? औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट कुठल्या फायलीत, आणि ती फाइल कुठे? दवाखान्यात सही करायचा अधिकार कुणाला? सकाळी अमुक वाजेपर्यंत जिची काहीच चाहूल लागली नाही, तिचं दार कुणी वाजवायचं? हे सगळं बसून ठरवता येतं. आणि पडणं ही काही दूरची शक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे पासष्टीपुढच्या साधारण एकतृतीयांश लोकांना वर्षातून एकदा तरी पडण्याचा प्रसंग येतो. नऊ जणींच्या घरात दरवर्षी कुणी ना कुणी पडणार, असंच धरून चाला.

मदतीची रेषा कुठे आखायची यासाठी वैद्यकातलं एक जुनं माप उपयोगी पडतं. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये ते मांडलं. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं ही सहा कामं माणूस स्वतः करू शकतो का, एवढंच त्यात पाहतात. गटांना मी सुचवते ते असं: या सहांपैकी कुठलंही काम मैत्रिणीनं नेमानं करायचं नाही. त्यासाठी पगारी माणूस ठेवायचं. मैत्रिणींनी ठरलेले काही दिवस जेवण नेऊन द्यावं, औषधं आणून द्यावीत, पहिल्यांदा दवाखान्यात सोबत जावं, रोज जाऊन बसावं, बोलावं, वाचून दाखवावं. अंघोळ घालणं, उचलणं, रोजचं रात्रीचं जागरण आणि बँकेचे व्यवहार यांना मैत्रिणींनी हात लावू नये. दोघी-तिघींना मदतनीस लागायला लागली की एकच बाई सगळ्यांसाठी ठेवता येते आणि खर्च वाटला जातो. म्हणून मदतनिसाच्या राहण्याची खोली पहिल्या नकाशातच असायला हवी. ती खोली नंतर कुठून येत नाही.

स्मृतिभ्रंशाचं प्रकरण याहून अवघड, कारण आपलं काही बिघडलंय हे त्या व्यक्तीला स्वतःला अनेकदा उमगत नाही. गॅस चालू राहतो, रात्री दार उघडून बाहेर पडणं होतं, मैत्रिणींवर चोरीचा आळ येतो. अशा वेळी ‘आता इथे राहणं सुरक्षित नाही’ हे कुणी म्हणायचं? गटानं त्या दिवशी मतदान घेऊन तर नक्कीच नाही. ज्यांनी हात वर केले त्यांना पुढे एकमेकींकडे बघणं जड जातं आणि उरलेल्यांच्या मनात बसतं की उद्या माझ्यावरही मत घेतील. लक्षणं कुठली धरायची हे निरोगी असतानाच लिहून ठेवावं, आणि निर्णय बाहेरचा डॉक्टर आणि त्या बाईनं स्वतः आधी नेमलेला माणूस यांनी घ्यावा. असा माणूस नेमायचं मुखत्यारपत्र करताना एक गोष्ट वकिलाला आवर्जून विचारा. अनेक देशांच्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र माणसाची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी ठरतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. तुमच्या कायद्यात त्यावर काय सोय आहे, ते समजून घेऊनच कागद करा.

आता माणसांबद्दल. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर राहावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मधल्या सुट्टीत डबा एकत्र खाल्ला, परीक्षेचे गठ्ठे एकत्र तपासले, एकमेकींच्या घरची लग्नं आणि मरणं पाहिली. पण ती मैत्री रोज संध्याकाळी आपापल्या घरी जाणाऱ्या बायकांची होती. कोण पहाटे उठून भांडी वाजवतं, कुणाचा टीव्ही मोठ्यानं असतो, कोण पैशाचा विषय निघाला की गप्प होतं, कुणाकडे पाहुणे महिना महिना राहतात, हे शिक्षक-खोलीत कळत नाही. म्हणून एकत्र राहून बघा. सहल नको. सहलीत सगळेच चांगले वागतात. साधं घर भाड्यानं घ्या, निदान तीन आठवडे राहा, बाहेरचं जेवण मागवू नका, झाडलोट आणि हिशेब स्वतः करा. त्या काळात एखादीला सर्दीतापानं दोन दिवस झोपावं लागलं तर उत्तमच, त्यातून बरंच कळतं.

दुसरी गोष्ट वयाची. तुम्ही सगळ्या एकाच पिढीच्या आहात. आज सगळ्या ६७ च्या आसपास, म्हणजे पंधरा वर्षांनी सगळ्या ८२ च्या आसपास. घर चालवायला, बैठक घ्यायला, नळवाल्याच्या मागे लागायला तेव्हा कोण असेल? टिकलेल्या वसाहतींनी यावर लक्ष दिलेलं दिसतं. ‘न्यू ग्राउंड’ सुरू झालं तेव्हा तिथल्या बायका पन्नाशीच्या सुरुवातीपासून ८७ पर्यंतच्या होत्या. तुमच्या गटात पन्नास-पंचावन्नच्या दोघी-तिघी हव्यातच, मग त्या शाळेतल्या नसल्या तरी चालेल. आणि प्रतीक्षायादी ठेवा. यादीतल्या बायकांना महिन्यातून एकदा जेवायला, कामाला बोलवा, म्हणजे खोली रिकामी होईल तेव्हा येणारी बाई परकी नसेल.

संख्येबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. आठ-नऊ जणी एका घरात, हा आकडा गोड वाटतो, पण नाजूक आहे. दोघींचं बिनसलं की सगळं घर दोन गटांत वाटलं जातं, आणि एक बाई गेली की खर्चाचा नववा हिस्सा एकदम उरलेल्यांवर येतो. पंधरा ते पंचवीस लहान घरं असली तर एकीशी चार दिवस न बोलताही सुखानं राहता येतं. तेवढं शक्य नसेल तर त्याबद्दल पुढे एक पर्याय सांगते.

डेन्मार्कमध्ये या सगळ्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. यान गुडमान-होयर या वास्तुविशारदानं १९६०च्या दशकात मित्रांबरोबर अशी वसाहत बांधायचा प्रयत्न केला, पण आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे तो फसला. मग १९७२ मध्ये ‘सेटेडामेन’ ही पहिली वसाहत झाली. ती मुलाबाळांच्या कुटुंबांची होती. खास ज्येष्ठांची पहिली वसाहत कोपनहेगनमध्ये १९८७ मध्ये आली. त्या अनुभवातून तिथे एक पद्धत रुळली, ती मला फार शहाणपणाची वाटते: जमीन पाहण्याआधी गटानं अभ्यासवर्गासारखं काही महिने नेमानं भेटायचं आणि म्हातारपणाबद्दलच बोलायचं. आजार, पैसा, एकटेपण, मृत्यू. काही जण त्यात गळतात. ते गळणं चांगलं. इमारत उभी राहिल्यावर गळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

इथे तुमच्या शिक्षकी आयुष्याकडे येते, कारण त्याचा उपयोग मोठा आहे आणि थोडी सावधगिरीही हवी. उपयोग असा की वेळापत्रक आखणं, पाळ्या लावणं, हजेरी ठेवणं, न बोलणाऱ्याला बोलतं करणं, चिडलेल्या पालकाचं ऐकून घेणं हे सगळं तुमच्या हातात मुरलेलं आहे. कुठलाही गट अशी बाई मिळाली की हायसं वाटून सगळं तिच्यावर सोपवतो. सावधगिरी तीच. वर्गात शेवटचा शब्द बाईंचा असतो, चूक दिसली की ती लगेच सुधारायची असते. सामायिक घरात भांडी चुकीच्या फडताळात ठेवलेली दिसली तरी कितीदा गप्प बसावं लागतं. आणि तुमच्या गटात सगळ्याच शिक्षिका! प्रत्येकीला घर चालवता येतं, दुसरीनं चालवलेल्या घरात राहायची सवय कुणालाच नाही. हे मी टीका म्हणून म्हणत नाही. शिक्षकांच्या गटांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि आधी माहीत असेल तर त्यातून मार्ग निघतो.

मार्ग काढला तोही एका शिक्षकानंच. नेदरलँड्समधले केस बूके हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे शिक्षक. त्यांनी १९२६ मध्ये बिल्टहोवन इथे शाळा सुरू केली आणि शाळेचे निर्णय मुलं आणि शिक्षक यांनी बरोबरीनं बसून घ्यायची रीत पाडली. त्यांचा एक विद्यार्थी गेरार्ड एंडेनबर्ग पुढे अभियंता झाला. त्यानं ही रीत स्वतःच्या कारखान्यात बसवली आणि तिला नेमकं रूप दिलं. ती ‘सोशिओक्रसी’ म्हणून ओळखली जाते आणि सामायिक घरांतले अनेक गट ती वापरतात. गाभा सोपा आहे. प्रस्ताव मांडला की गोलात बसलेल्या प्रत्येकीनं आपल्या पाळीला बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. शेवटी ‘सगळ्यांना आवडलं का’ असं विचारायचं नाही. ‘हे केल्यानं घराचं नुकसान होईल असं कुणाला वाटतं का, आणि का’ असं विचारायचं. सबळ हरकत नसेल तर निर्णय ठरलेल्या मुदतीपुरता अमलात येतो, मुदत संपली की पुन्हा पाहायचा. बहुमतात हरलेल्यांचा एक कायमचा कंपू तयार होतो, तो यात होत नाही. बैठक चालवायचं काम दर वेळी वेगळीकडे द्या. पहिलं वर्ष ते तुमच्याकडे नसलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं. सगळं सांभाळणारी म्हणून तुम्ही आजवर जगलात. इथे तुम्हाला इतरांसारखी एक म्हणून राहता आलं पाहिजे.

घराच्या रचनेत एक बदल आग्रहानं सुचवते. प्रत्येकीला नुसती खोली नको, स्वतःचं दार, स्वतःचं न्हाणीघर आणि एक ओटा असलेलं छोटं घर हवं. एकत्र जेवण सुखाचं वाटतं ते न जेवायची मुभा असते म्हणून. स्टॉकहोममध्ये ‘फेर्डक्नेपेन’ नावाची इमारत १९९३ पासून आहे, चाळिशीपुढच्या आणि घरात मुलं नसलेल्या लोकांसाठी. ४३ सदनिका, प्रत्येकीत आपलं स्वयंपाकघर, आणि शिवाय खाली मोठं सामायिक स्वयंपाकघर व जेवणघर. सोमवार ते शुक्रवार रात्रीचं जेवण तिथे होतं. स्वयंपाकाचे गट पाळीपाळीनं एकेक आठवडा सांभाळतात. तुमची पाळी आली की त्या आठवड्यात काम बरंच, आणि मग कितीतरी आठवडे फक्त जाऊन बसायचं. रोज थोडं थोडं करण्यापेक्षा ही वाटणी ज्येष्ठांना चांगली मानवते. जेवायला येणं सक्तीचं नाही, स्वयंपाकाच्या पाळीतून मात्र सुटका नाही. हाच क्रम ठेवा.

आणखी एक बारकावा, डॅनिश वसाहतींतून आलेला. स्वयंपाकाच्या ओट्यासमोरची खिडकी सामायिक वाटेकडे उघडावी आणि निजायची खोली दुसऱ्या बाजूला असावी. भाजी चिरताना जाणारी-येणारी दिसते, हात हलवला जातो, आणि ती दिसली नाही तर चौकशी होते. ‘लक्ष देणं’ म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा हेच. बाकी मापं कंत्राटदाराला लिहून द्या: दारांची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा, कुठेही उंबरा नाही, उतार बाराला एकपेक्षा तीव्र नाही, आणि न्हाणीघराच्या भिंती आधाराच्या दांड्या बसवता येतील इतक्या पक्क्या. आज दांड्या लावायची लाज वाटत असेल तर नका लावू, भिंत मात्र आजच पक्की करा.

पैशाचं बोलणं शिक्षिकांना जड जातं, म्हणून स्पष्ट लिहिते. स्वतःचं घर विकून सगळी रक्कम सामायिक घरात घालू नका. निदान पहिली दोन वर्षं तुमचं घर भाड्यानं द्या. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी लिखित हव्यात: बाहेर पडणाऱ्या बाईचे पैसे कोण परत करणार, किती दिवसांत, कुठल्या दरानं, आणि तिची जागा कोण भरणार. ‘तशी वेळ येणार नाही’ असं म्हणणाऱ्या गटात मी कुणालाही पैसे घालू देत नाही. स्पेनमध्ये माद्रिदजवळ ‘ट्राबेनसोल’ नावाची ज्येष्ठांची सहकारी वसाहत आहे, ५४ सदनिका, २०१३ पासून. तिथे मालकी सहकारी संस्थेची आहे. सभासद ठेव भरतो आणि त्याला राहण्याचा हक्क मिळतो. सोडताना ठेवीचा हिशेब होतो. या रचनेत सदनिका बाजारात विकली जात नाही, त्यामुळे कुणा सभासदाच्या वारसानं अनोळखी माणसाला विकून टाकली असं घडत नाही. तुमच्याकडचा कायदा यातलं काय चालवून घेतो ते सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारावं लागेल, पण तत्त्व हेच ठेवा: वारसांना पैशांचा हक्क, राहण्याचा नाही.

म्हणूनच मुलाला आत्ताच सांगा. परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची. अनेक मुलांना हे ऐकून आधी अपराधी वाटतं, मग राग येतो: ‘मी असताना तू बाहेरच्यांबरोबर का राहणार?’ थोडा वेळ जाऊ द्या. कागद तयार झाले की त्याला वाचायला पाठवा, आजारपणाचं ठरलेलं त्याला नीट समजू द्या. संकटाच्या रात्री घरातली बाई त्याला फोन करेल तेव्हा तिचं नाव त्याला माहीत असलं पाहिजे.

वयाचा हिशेब मला तुमच्यापासून लपवायचा नाही. लंडनच्या त्या बायकांना अठरा वर्षं लागली आणि सुरुवातीला असलेल्या सगळ्या राहायला जाईपर्यंत टिकल्या नाहीत. शून्यातून जमीन घेऊन बांधायचं तर तुमच्या वयाला ते मी सुचवणार नाही. स्वतःला तीन वर्षांची मुदत द्या. त्यात पहिला शोध तयार वसाहतीचा घ्या. कुणी विकासक ‘ज्येष्ठांसाठी सामायिक जीवन’ म्हणून विकत असेल तर एकच गोष्ट तपासा: नियम कोण बदलू शकतं? रहिवासी बदलू शकत नसतील तर दिवसाचं वेळापत्रक पुन्हा दुसरंच कुणी ठरवणार, जे तुम्हाला नको आहे.

तयार काही मिळालं नाही तर मघाशी म्हटलं तो पर्याय. एकाच इमारतीत किंवा एका गल्लीत तिघी-चौघींनी जवळजवळ सदनिका भाड्यानं घ्यायच्या आणि त्यांपैकी एकीची बैठकीची खोली सामायिक मानायची. आठवड्यातून तीन रात्री एकत्र जेवण, किल्ल्यांची अदलाबदल, सकाळची चौकशी, एक सामायिक मदतनीस. वर लिहिलेले सगळे करार इथेही लागू. बांधकाम नाही, मोठी रक्कम अडकत नाही, आणि जमलं नाही तर मैत्री न तुटता मागे येता येतं. मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती. यातून मोठं घर पुढे होऊ शकतं आणि नाही झालं तरी तुमची गरज बरीचशी भागलेली असेल.

वाचनालयाबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून आनंद झाला. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी ‘हुमानिटास’ या ज्येष्ठांच्या निवासात काही महाविद्यालयीन विद्यार्थी भाडं न देता राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास तिथल्या लोकांना शेजारी म्हणून देतात. पॅरिसजवळ मोंत्रय इथे तेरेझ क्लेर या कार्यकर्तीच्या पुढाकारानं झालेल्या बायकांच्या घरात २५ पैकी ४ सदनिका तिशीच्या आतल्या तरुणांसाठी राखलेल्या आहेत. म्हणजे लहानथोरांची ये-जा घडवून आणता येते. फक्त मुलांच्या खोलीला बाहेरून वेगळं दार ठेवा, तास ठरवा, आणि तो उपक्रम तुमचा व ज्यांना हवा त्यांचा असू द्या. आयुष्यभर मुलांत राहिलेल्या एखाद्या मैत्रिणीला आता मुलांचा आवाज नको असेल. तिला तसं म्हणता आलं पाहिजे.

शेवटी एक अवघड गोष्ट. समवयस्कांबरोबर राहणं म्हणजे त्यांची मरणंही जवळून पाहणं. एकटीनं राहिलात तर दुरून बातमी येते, इथे शेजारची खोली रिकामी होते. हे पेलायची मनाची तयारी आहे का, हे स्वतःला शांतपणे विचारा. तरीही मी या वाटेची बाजू घेते, कारण उलट बाजूचं नुकसान मोठं आहे. जुलियान होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसांच्या माहितीचा, एकत्र आढावा घेतला. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आईच्या दुखण्यात तुम्ही एकट्या होतात, तेव्हा हाक मारायला शेजारी कुणी नव्हतं. पुढच्या वेळी असायला हवं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

तर पुढच्या पंधरवड्यात मैत्रिणींना बोलवा. जितक्या येतील तितक्या. त्या बैठकीत नकाशे, जागा, किमती काही काढू नका. प्रत्येकीला कागद द्या आणि रात्री दोनचा प्रसंग लिहायला सांगा. मग प्रत्येकीनं आणखी दोन उत्तरं लिहावीत: मी बाहेर पडले तर माझे पैसे कसे परत मिळावेत, आणि माझ्या वतीनं निर्णय कोण घेईल. मोठ्यानं वाचा, मध्ये न बोलता, पाळीपाळीनं. दोघी-तिघी ‘हे नंतर बघू’ म्हणतील. त्यांना वेळ द्या, पुन्हा भेटा, घाई करू नका. पण त्यांची उत्तरं कागदावर येईपर्यंत कुठल्याही जागेचा इसार देऊ नका.